पार्किंग क्रमांक 17 च्या चार्जरबाबत चौथं पत्र

दिनांक: 14 सप्टेंबर 2025

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय: 31 ऑगस्टच्या नोटिशीला उत्तर आणि लेखी परवानगीची मागणी

स.न.वि.वि.

पार्किंग क्रमांक 17 या माझ्या जागेत माझी इलेक्ट्रिक गाडी चार्ज करायला लेखी परवानगी मिळावी, याच विषयावर मी आजवर तीन पत्रं दिली. 11 फेब्रुवारीला पहिलं, 6 एप्रिलला दुसरं, 22 जूनला तिसरं. तिन्हींवर सोसायटीचा शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे, उत्तर मात्र एकाचंही नाही. सभासदाने लेखी तक्रार दिली की पुढच्या समिती सभेत निर्णय घ्यायचा आणि तो 15 दिवसांत कळवायचा, असं आपल्या उपविधींत आहे. सभा तर होत आहेत. जुलैच्या सभेच्या इतिवृत्तात मांडवाच्या रंगावर अर्धं पान आहे आणि माझ्या अर्जावर एक ओळ: "चार्जिंगचे धोरण ठरल्यावर विचार करू." धोरण कोण ठरवणार, कधी ठरवणार, हे त्यात नाही.

आणि मग 31 ऑगस्टला फलकावर नोटीस लागली, की पार्किंगमध्ये विनापरवाना वायरिंग केलेल्या सभासदाने ते 15 दिवसांत काढावं. नाव लिहिलेलं नाही, पण पार्किंगमध्ये वायरिंग एकाच सभासदाचं आहे. मुदत उद्या संपते, म्हणून आज हे पत्र.

अध्यक्ष महोदय, हे वायरिंग मी चोरून केलेलं नाही. मार्चमध्ये मा. सचिवांना मीटर रूममध्ये प्रत्यक्ष नेऊन केबल कुठून जाणार ते दाखवलं होतं. "करून घ्या मॅडम, कागदाचं नंतर बघू," असं ते वॉचमन आणि वायरमनसमोर म्हणाले. कामाचे 18,400 रुपये मी भरले. कागदाचं अजून कुणी बघितलेलं नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर जो फोटो वारंवार फिरतोय, त्याबद्दल एकदाच स्पष्ट लिहिते. तपकिरी झालेल्या, कडा वितळलेल्या सॉकेटचा तो फोटो जानेवारीतला आहे आणि ते सॉकेट सोसायटीचं आहे, पंपाशेजारच्या खांबावरचं. गाडी नवीन आली तेव्हा सचिवांना विचारून मी चार दिवस तिथे चार्जिंग केलं आणि त्याचे पैसे जमा केले, पावती आहे. गाडीसोबत आलेला चार्जर सरळ 15 अँपिअर ओढतो, त्यात कमी-जास्त करायची सोय नाही. चौथ्या रात्री मी स्वतः खाली जाऊन प्लगला हात लावून पाहिला. हात ठेवता येईना इतका तापला होता. मीच तो काढला, मीच फोटो काढला आणि पहिल्या पत्राला मीच जोडला, जेणेकरून समितीने ते सॉकेट बदलावं. आज तोच फोटो माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जातोय. सॉकेट मात्र अजून तिथेच आहे.

त्यानंतर दीड महिना मी फक्त चार्जर कोणता घ्यायचा याचाच अभ्यास केला. हे मुद्दाम सांगते, कारण बी-304 च्या सभासदांनी सगळ्यांना सांगितलंय की मी "ऑनलाइन कुठलंतरी खेळणं" मागवलं.

भिंतीवर बसवायचा 7.2 किलोवॅटचा चार्जर मला घेता आला असता. तो सिंगल फेजवर 32 अँपिअर घेतो. त्यासाठी माझा मंजूर भार वाढवावा लागला असता आणि इमारतीच्या जुन्या मुख्य केबलवर रोज रात्री ओझं पडलं असतं. माझं रोजचं येणं-जाणं कोथरूड ते हिंजवडी, साधारण 46 किलोमीटर. त्याला चार्जिंगमधली गळती धरून आठ युनिटं लागतात. आठ युनिटांसाठी 32 अँपिअर कशाला? म्हणून मी पोर्टेबल चार्जर घेतला, ज्यात 6, 8, 10, 13 आणि 16 असे अँपिअर निवडता येतात, आणि तो कायम 10 वर ठेवला. म्हणजे 2.3 किलोवॅट, आपल्या बाथरूममधल्या गीझरपेक्षा थोडंसंच जास्त. गीझर पंधरा मिनिटं चालतो आणि हा साडेतीन तास, हे मला मान्य आहे. खरा फरक तोच आहे. प्लग तापतो तो तासन् तास चालल्याने, म्हणूनच मी 16 च्या सॉकेटवर 10 च ओढते.

32 अँपिअरचा चार्जर साध्या तीन पिनांच्या प्लगसकट विकणारेही भेटले. त्यांच्याकडून घेतला नाही. आयईसी 62752 या, अशाच पोर्टेबल चार्जरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, प्लगमध्येच तापमानाचा सेन्सर असलेला आणि गाडीकडे टाइप 2 जोड असलेला घेतला. वायर मुद्दाम दहा मीटरची घेतली, कारण पाच मीटरची माझ्या जागेत गाडीच्या तोंडापर्यंत पोचत नाही आणि मग लोक मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड लावतात. आग तिथेच लागते. चार्जरचा डबा सॉकेटला लोंबकळत राहिला तर पिना ढिल्या होतात, म्हणून त्याला भिंतीवर वेगळी पट्टी ठोकली. मीटर रूमपासून 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची आर्मर्ड केबल, स्वतंत्र अर्थिंग, एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळती झाली की पडणारा स्विच). केबल माझ्या स्वतःच्या मीटरवरून निघते. माझं बिल महिना 186 युनिटांवरून 391 वर गेलंय, कुणालाही दाखवते. कॉमन लाइटचं बिल वाढलंय ते माझ्या चार्जरमुळे नाही, बोअरच्या पंपाचा ऑटो स्विच एप्रिलपासून बिघडल्यामुळे. हे वॉचमनलाही माहीत आहे.

आता या सगळ्या प्रकरणातली मला सगळ्यात गंभीर वाटणारी गोष्ट. नवीन चार्जर पहिल्यांदा मी त्याच पंपाजवळच्या सॉकेटला लावून पाहिला होता. हे चार्जर आधी अर्थिंग तपासतात, नसेल तर चालूच होत नाहीत. लाल दिवा लागला. वायरमनला बोलावलं, तर त्या सॉकेटची अर्थची वायर कुठेच जोडलेली नव्हती आणि जिन्यामागचा अर्थिंगचा खड्डा, जो ओला असला तरच अर्थिंग नीट चालतं, ठणठणीत कोरडा होता. पावसाळ्यात तिथे घोटाभर पाणी साचतं, मुलं तिथेच क्रिकेट खेळतात आणि गाड्या धुणारा मुलगा त्याच सॉकेटला मोटर लावतो. हे मी दुसऱ्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं. माझा चार्जर धोकादायक आहे म्हणणाऱ्या एकाही सभासदाने पाच महिन्यांत त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलेलं नाही.

बी-304 च्या सभासदांबद्दल व्यक्तिगत राग नाही. वयाने मोठे आहेत, मी त्यांना काकाच म्हणते. पण पार्किंग क्रमांक 16 मध्ये त्यांची जुनी कापसाची गादी, रंगाचे अर्धवट भरलेले डबे आणि थिनरचा कॅन गेली दोन वर्षं आहे. पार्किंगची जागा वाहनासाठीच वापरायची, हेही उपविधींतच आहे. आगीची खरी काळजी असेल तर सुरुवात तिथून व्हावी.

4 सप्टेंबरच्या रात्री अकरा बावन्नला माझ्या चार्जरचा पुरवठा बंद झाला. मोबाइलवर नोंद आहे. इमारतीतले दिवे चालू होते. सकाळी सहाला बाबांना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी न्यायला खाली आले तर गाडीत 19 टक्के, आणि खांबावरच्या माझ्या चार्जरच्या पेटीतला आयसोलेटर, म्हणजे पुरवठा तोडायचा स्विच, बंद. एमसीबी पडू शकते, आरसीसीबी पडू शकते. आयसोलेटर आपोआप कधीच पडत नाही, त्यात ट्रिप होण्याची सोयच नसते. तो हातानेच बंद करावा लागतो. बाबांना रिक्षाने नेलं. उपाशीपोटी, डोळ्यांत थेंब घातलेल्या अवस्थेत ते पाऊण तास गेटवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होते. कुणी केलं याचा मी आरोप करत नाही. त्या वेळेचं सीसीटीव्ही चित्रण मी 5 तारखेलाच मागितलं होतं, ते अजून मिळालेलं नाही.

कायद्याचं म्हणाल तर आपल्या घरच्या सध्याच्या वीज जोडणीवरून आपली गाडी चार्ज करता येते, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या 14 जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. 17 सप्टेंबर 2024 ला सुधारित सूचना आल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती होऊन गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणीही मागता येते. या सगळ्याच्या प्रती पहिल्या पत्राला जोडल्या होत्या, त्या कुणी उघडल्या असतील असं आता वाटत नाही.

मी एकटी नाही. ए-102 आणि सी-401 ला पुढच्या वर्षी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे, बी-201 च्या आजींनीही "त्या पोरीला उगीच छळू नका" असं मला तोंडी सांगितलंय. ते सभेत बोलतील की नाही ठाऊक नाही. मी बोलणार आहे.

तेव्हा येत्या समिती सभेत लेखी परवानगी द्यावी, नाहीतर लेखी कारण द्यावं. तोंडी निरोप आणि ग्रुपवरचा अंगठा मी उत्तर म्हणून धरणार नाही. निर्णय होईपर्यंत वायरिंग काढणार नाही. कुणाला शंका असेल तर परवानाधारक वायरमनकडून तपासणी करून घ्या, खर्च मी देते. पंपाजवळचं सॉकेट आजच्या आज बंद करावं. पार्किंग 16 मधला थिनर हलवावा. पेटीला मी कुलूप लावलंय, एक किल्ली या पत्रासोबत समितीकडे देत आहे, म्हणजे अडीअडचणीला पुरवठा तोडता येईल. ती कुणाच्या ताब्यात राहील तेवढं नावानिशी कळवावं.

30 सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर हीच चार पत्रं उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे पाठवीन. बारा वर्षं याच इमारतीत राहते आहे, मेंटेनन्स एकदाही उशिरा भरलेला नाही.

पत्राची आणि किल्लीची पोच द्यावी.

आपली,
सभासद, फ्लॅट क्रमांक बी-203