एका कुंडीत एकच झाड

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

फोटो मिळाले, आणि मन लावून पाहिले. पानं हिरवीगार आहेत, मग हे आफ्रिकन व्हायोलेट फुलत का नाही, आणि असं विस्कटलेलं का दिसतं, असं तू विचारलं आहेस. तुझं झाड आजारी मुळीच नाही. त्या कुंडीत एक नव्हे, तीन झाडं वाढताहेत, एवढंच झालंय. मधल्या गाभ्याच्या, म्हणजे जिथून नवी पानं निघतात त्या मध्याच्या, डावीकडे बघ, पानांचा आणखी एक झुबका दिसेल, आणि पुढच्या कडेला खाली तिसरा. तिघेही उजेडासाठी एकमेकांच्या अंगावर पानं टाकताहेत. गाभा एक झाला की निम्मं काम झालं, असं माझं ठाम मत आहे.

हे बाजूचे फुटवे पानांच्या बेचकीतून निघतात. फुलाचा दांडाही तिथूनच निघतो, म्हणून नवखा माणूस घाबरून कळ्याच खुडतो. ओळखायची खूण सोपी आहे. कळीच्या दांड्यावर दोनच बारीक पानांसारखे भाग असतात आणि वर कळ्यांचा पुंजका असतो. फुटव्याला मात्र लवकरच चार इवली पानं दिसू लागतात. खात्री होईना तर चार दिवस थांब, तेवढ्यानं काही बिघडत नाही. फुटवा लहान असतानाच पेन्सिलच्या टोकानं बुडापासून बाजूला ढकलून पूर्ण काढायचा. थोडा जरी आत राहिला तरी पुन्हा फुटतो. तुझे दोन्ही मात्र त्या टप्प्याच्या पुढे गेलेत. त्यांच्यासाठी झाड कुंडीतून अलगद बाहेर काढ, माती सैल कर, आणि धारदार सुरीनं ते बाजूचे गाभे बुडाशी कापून वेगळे कर. त्यांना मुळं आलेली असतील तर थेट लहान कुंड्यांत लाव. नसतील तर ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (हलके पांढरे खडे) यांच्या मिश्रणात ठेवून वर पारदर्शक डबा पालथा घाल, मुळं धरतील.

आता पानं. निरोगी पान तोडायला हात धजत नाही, असं तू लिहिलंस. मला ते कळतं. पण या झाडाचा आकार काय ठेवलं यापेक्षा काय काढलं यावर ठरतो, आणि ते काढणं प्रेमानंच करायचं असतं. वरून पाहिलं की पानांची गोल वर्तुळं दिसली पाहिजेत, खालचं वर्तुळ सगळ्यांत मोठं आणि आत जाताना लहान लहान होत जाणारं. मोठ्या पानांच्या खाली दडलेलं लहान पान दिसलं की ते जायलाच हवं. ते झाडाच्या बालपणीचं पान असतं, आता वाढणार नाही. पिवळं पडलेलं, डागाळलेलं, कडा फाटलेलं पानही काढ. पान कात्रीनं कापू नकोस. देठ बुडाशी धरून बाजूला झटका दिलास की स्वच्छ निघतं. देठाचा खुंट राहिला तर तो कुजतो आणि कुजणं खोडापर्यंत जाऊ शकतं. एकदा घडी बसली की महिन्याकाठी खालची दोन-तीन पानं काढली तरी पुरतं, तेवढी नवी पानं मधून येतच असतात.

वर्तुळात एखादी फट राहिली तर शेजारचं पान बोटानं हळूहळू त्या बाजूला वळवता येतं. हे पाणी घालण्याआधी कर, तेव्हा देठ किंचित नरम असतात. भरपूर पाणी प्यायलेलं देठ काडकन मोडतं. वळवलेलं पान जागेवर राहावं म्हणून मातीत एक पातळ काडी खोचून ठेव. काही आठवड्यांत ते तिथंच स्थिरावतं.

पण एवढं करूनही झाड एकाच बाजूला झुकत राहील, कारण तुझी कुंडी खिडकीत आहे आणि तू ती फिरवत नाहीस. दोन-तीन दिवसांनी पाव फेरी, आणि नेहमी एकाच दिशेनं. उजेड कमी पडतोय की जास्त, हे झाडच सांगतं. देठ लांबून पानं वर उभी राहिली तर उजेड अपुरा आहे. पानं कुंडीच्या कडेला मिठी मारून खाली वळली, मधला गाभा आकसला, तर उजेड फार होतोय. गाभा आकसून त्यातली पानं ठिसूळ, करडी आणि वेडीवाकडी झाली तर मात्र कोळी किडीची शंका घे आणि ते झाड ताबडतोब इतरांपासून दूर ने. दिव्याखाली ठेवणार असशील तर रोज १० ते १२ तास पुरे, रात्रीचा अंधार त्याला हवाच.

याचं मूळ घर आठवलं की बऱ्याच गोष्टी आपोआप उमगतात. आजच्या टांझानियातल्या उसांबारा डोंगरांत, सावलीतल्या ओलसर खडकांच्या भेगांमध्ये हे वाढतं. १८९२ मध्ये वाल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर या जर्मन अधिकाऱ्याला ते तिथं दिसलं. त्यानं ते जर्मनीत वडिलांकडे धाडलं, आणि १८९३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हेर्मान वेंडलंड यांनी त्याच्याच नावावरून त्याला सेंटपॉलिया हे नाव दिलं. (आता शास्त्रज्ञ त्याला स्ट्रेप्टोकार्पसमध्ये गणतात. खऱ्या व्हायोलेटशी याचं काही नातं नाही.) भेगेत माती ती केवढी! म्हणून मुळं उथळ, म्हणून कुंडीही लहान. झाडाचा घेर असेल त्याच्या साधारण एक तृतीयांश रुंदीची. तुझी कुंडी मला फारच मोठी वाटते.

कुंडी बदलतानाच ती उघडी पडलेली मानही, म्हणजे पानांखालचं उघडं खोड, झाकून टाक. खालची पानं जात राहिली की खोड उघडं पडतं, आणि झाड काठीवर टेकवल्यासारखं दिसतं. उघड्या खोडावरची खरबरीत साल बोथट सुरीनं हलकेच खरवड. मान जितकी लांब असेल तितकाच मुळांच्या गोळ्याचा खालचा भाग कापून टाक. मग झाड खाली बसव, इतकं की सर्वांत खालची पानं कुंडीच्या काठावर टेकतील, आणि मानेभोवती नवी माती भर. तिथूनच नवी मुळं फुटतात. नंतर काही दिवस पाणी बेतानं घाल.

धूळ झाडायला मऊ ब्रश घे, देठाकडून टोकाकडे. पाण्यानं धुवायचं तर कोमट पाण्यानंच. थंड पाणी पानावर पडलं की आतल्या पेशी मरतात आणि फिकट डाग कायमचे राहतात. गाभ्यात साचलेलं पाणी कागदानं टिपून घे, आणि पानं सुकेपर्यंत उन्हात ठेवू नकोस.

फुलांची घाई करू नकोस. प्रदर्शनासाठी झाडं वाढवणारे तर एकेरी फुलांच्या जातीच्या कळ्या प्रदर्शनाच्या ६ ते ८ आठवडे आधीपर्यंत खुडत राहतात, म्हणजे पानांचा घेर भरतो आणि मग सगळी फुलं एकदम येतात. तुला तेवढं करायची गरज नाही, पण सुकलेली फुलं आणि रिकामे दांडे तेवढे काढत जा.

आणि हो, दुसऱ्या फोटोतल्या त्या लोंबणाऱ्या झाडाला यातला फुटव्यांचा नियम लावू नकोस. ती ट्रेलर जात आहे, तिला अनेक गाभे असायलाच हवेत, तिचे शेंडे खुडलेस तर ती आणखी दाट होईल. तिसऱ्या फोटोत पाकळ्यांवर चक्रासारखे पट्टे आहेत, म्हणजे ते बहुधा कायमेरा, म्हणजे दोन वेगळ्या प्रकारच्या पेशी एकाच झाडात असलेलं, असावं. त्याचं पान लावून आलेल्या रोपाला सहसा तसे पट्टे येत नाहीत, फुटवा लावला तरच येतात. तेव्हा त्याचा फुटवा काढलास तर फेकू नकोस, लहान कुंडीत लाव. मुळं धरली की मला एक हवंय.

तुझाच