ग्वास्ताव्हिनोबद्दल, खास तुझ्यासाठी

प्रिय संज्या,

तुझा मेसेज वाचला. "मी आता आर्किटेक्ट कसला, दुसऱ्यांच्या बिल्डिंगची छतं घालणारा कॉन्ट्रॅक्टर झालोय" हे काही डोक्यातून जाईना, आणि फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून लिहितोय. तुला राफाएल ग्वास्ताव्हिनो माहीत आहे का? नसेल तर शांतपणे वाच, कारण हा माणूस तुझ्याच लाइनचा आहे.

जन्म १८४२, स्पेनमधलं व्हॅलेन्सिया. शिकला बार्सिलोनात आणि तिथे त्याचं चांगलं नाव होतं, बात्यो कुटुंबाची भलीमोठी कापड गिरणी त्याने बांधली, मग विलासार दे दाल्त नावाच्या गावात थिएटरवर १७ मीटर व्यासाचा घुमट घातला, तोही इतका पातळ की बघून पोटात गोळा यावा. आणि एवढं सगळं असताना १८८१ मध्ये, चाळिशीला आलेला हा माणूस नऊ वर्षांच्या धाकट्या मुलाला घेऊन न्यूयॉर्कला आला. इंग्रजी येत नव्हतं. सुरुवातीला ड्रॉइंग्ज काढून मासिकांना दिली, थोडी घरं बांधली, पण आर्किटेक्ट म्हणून म्हणावा तसा जम बसेना.

त्याच्याकडे होतं काय, तर भूमध्य समुद्राकाठच्या गवंड्यांची जुनी पद्धत. भाजलेल्या मातीची टाइल घ्यायची, साधारण इंचभर जाडीची, सहा बाय बाराची, आणि कमानीत वीट उभी लावतात तशी न लावता सपाट ठेवून कडेला कड भिडवायची. पहिला थर पीओपीमध्ये. ते इतकं पटकन धरतं की मिस्त्रीने हात काढेपर्यंत टाइल जागेवर बसलेली असते, मग पुढची टाइल तिच्या आधाराने, असं करत करत काम हवेतच पुढे सरकतं, खाली आधाराला लाकडाचं जड सेंटरिंग उभारायला नको, आकार चुकू नये म्हणून हलके साचे तेवढे पुरतात. त्यावर सांध्यावर सांधा येणार नाही अशा बेताने दुसरा थर, तिसरा थर, हे मात्र पोर्टलंड सिमेंटमध्ये. हे सिमेंट वापरून मोठे स्पॅन (मधल्या आधाराशिवायची अंतरं) घ्यायचे, ही खरी त्याची झेप.

आणि वेळ अशी की १८७१ ला शिकागो जळलं, १८७२ ला बोस्टन. लोखंडी बीम आगीत मऊ पडून वाकतात हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं, टाइल तर भट्टीतूनच आलेली, तिला आगीचं काय! १८८५ पासून त्याने पेटंटं घ्यायला सुरुवात केली, १८८९ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि त्याच सुमारास बोस्टनच्या पब्लिक लायब्ररीचं काम मिळालं. आर्किटेक्ट चार्ल्स मॅकिम, व्हॉल्ट, म्हणजे कमानदार छतं, ग्वास्ताव्हिनोची. तिथला १८८९ चा एक फोटो आहे, तो नक्की शोध. नुकत्याच घातलेल्या, चार बोटं जाडीच्या टाइलच्या कमानीवर हा स्वतः उभा आहे, खाली नुसती पोकळी. मी तो फोटो कितीतरी वेळ बघत बसलो होतो. मॅकिमने ती छतं प्लास्टरखाली झाकली नाहीत, टाइलची नक्षी उघडी ठेवली, आणि मग बाकीचे आर्किटेक्ट रांगेने आले.

आता तुझा मुद्दा. लायब्ररीचं नाव निघालं की लोक मॅकिमचं नाव घेतात, बरोबर. पण बाप-लेकांच्या त्या कंपनीने हजारावर बिल्डिंगमध्ये काम केलं, आणि ते दुसऱ्या कुणालाच जमत नव्हतं म्हणून लोक त्यांच्याकडे यायचे. याला तू "नुसतं छत घालणं" म्हणणार का? मला तरी तसं म्हणवत नाही.

ग्वास्ताव्हिनो १९०८ मध्ये अ‍ॅशव्हिल या अमेरिकेतल्या शहरात वारला, तिथे त्यानेच डिझाइन केलेल्या सेंट लॉरेन्स चर्चमध्ये त्याला पुरलंय. लंबगोल घुमट, ५८ बाय ८२ फूट, आणि मधे एकही खांब नाही. पुढे मुलाने कंपनी चालवली. १९०९ ला न्यूयॉर्कच्या सेंट जॉन कॅथेड्रलवर घातलेला घुमट तर तात्पुरता म्हणून होता, तो अजून उभा आहे. ग्रँड सेंट्रल स्टेशनात ऑयस्टर बारसमोर त्यांच्याच कमानीखाली एका कोपऱ्यात कुजबुजलं की समोरच्या कोपऱ्यात स्पष्ट ऐकू येतं, आपल्या विजापूरच्या गोल घुमटासारखं. पण मला सगळ्यात भिडतं ते न्यूयॉर्कच्या बंदरातलं एलिस आयलंड. जिथे लाखो स्थलांतरित उतरले, त्या मोठ्या हॉलचं छत १९१८ मध्ये याच कंपनीने घातलं, अठ्ठावीस हजारांवर टाइल्स, आणि १९८० च्या दशकात दुरुस्ती करताना त्यातल्या फक्त १७ बदलाव्या लागल्या. स्वतः नऊ वर्षांचा असताना बापाचा हात धरून या देशात आलेल्या पोराने घातलेलं छत आहे ते.

ही पद्धत जिन्यालाही चालते, त्यांनी पुष्कळ जिने असेच केलेत. तुझ्या चिपळूणच्या साइटवर वळणाचा जिना आहे ना, त्याच्यासाठी विचार करून बघ. फक्त कोकणातल्या दमट हवेत पीओपीचा पहिला थर टिकेल का, की तिथे दुसरं काहीतरी लवकर धरणारं वापरावं लागेल, हे मला कळत नाही, ते तूच सांगू शकतोस. तुझ्या मिस्त्रींशी बोल, वाटलं तर आधी तीन-चार फुटांची सॅम्पल कमान करून तिच्यावर वजन टाकून बघा, आणि काय होतं ते मला लगेच कळव.

तुझा,
विनय