पिंपात जाण्याआधीचे दिवस

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या एका घराण्याच्या वाइनबागेवरचा लेख वाचला. ‘लाल रस लाकडी पिंपात वर्षानुवर्षे मुरवतात, जितकी जुनी तितकी चांगली’ हे त्यातले विधान मात्र दुरुस्त व्हायला हवे.

बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस फिकटच निघतो. रंग आणि तुरटपणा सालीत असतो. म्हणून रेड वाइनसाठी देठ काढून द्राक्षे फोडतात आणि साली-बियांसकट आंबवतात. एक टक्का अल्कोहोलला लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्ची पडते, म्हणजे १३ टक्क्यांसाठी रसात २२० ग्रॅम तरी हवी.

खरी जोखीम आंबण्याच्या या आठ-पंधरा दिवसांतच. आंबताना सुटणाऱ्या वायूने साली वर येऊन जाड थर धरतात. खालचा रस पंपाने वर ओतून तो थर रोज भिजवावा लागतो. लोणच्यात तेलाबाहेर राहिलेल्या फोडीला बुरशी येते, तसे कोरड्या थरावर व्हिनेगरचे जिवाणू वाढतात. तापमान २५ ते ३० अंश ठेवतात. ३५च्या वर गेले की साखरेचे अल्कोहोल करणारे यीस्ट दमते, आंबणे अर्ध्यात थांबते आणि उरलेल्या साखरेवर नको ते जिवाणू पोसतात.

पिंपाची पाळी त्यानंतर. बोर्दोचे पिंप २२५ लिटरचे, मुक्काम बहुधा एक ते दोन वर्षे. लाकडातून वाइन उडत राहते, म्हणून तीच वाइन घालून पिंप वरचेवर काठोकाठ भरतात. मोकळी जागा राहिली की हवा आलीच. दर तीनेक महिन्यांनी गाळावरून वाइन दुसऱ्या पिंपात काढतात. काही ठिकाणी जादा तुरटपणा खाली बसवायला पिंपामागे चार-सहा अंड्यांचा पांढरा बलक घालतात. (शाकाहारी वाचकांनी नोंद घ्यावी!)

‘पिढ्यान्‌पिढ्या अखंड जमीन’ हे लेखातले विधानही सरसकट खरे नाही. फ्रेंच कायद्याने वारसांना वाटा द्यावाच लागतो. बर्गंडीतल्या क्लो द व्हूजो या सुमारे ५० हेक्टरच्या मळ्याला आज ऐंशीच्या आसपास मालक आहेत.

आणि जुनी ती चांगली म्हणाल, तर बहुतेक वाइन दोन-चार वर्षांतच प्यायची असते. ठेवायचीच तर १२-१४ अंशांत, अंधारात, बूच ओले राहील अशी आडवी. इंदूरच्या मे महिन्यात स्वयंपाकघरातल्या कपाटात ती मुरत नाही, नासते.

आपला,
एक वाचक,
स्नेहलतागंज, इंदूर