विषय: मोठा प्लॅन विकलात, डेटाबेस सर्व्हर मात्र तोच ठेवलात

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या सपोर्टचा फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला बसले. माझ्या तक्रारीच्या तिकिटाचा सगळा इतिहास तुमच्या पॅनलमध्ये आहे, तो पुन्हा उगाळत नाही. बिघाड सांगते.

तुमच्या होस्टिंगवरची माझी चादरी-टॉवेलची साइट वर्डप्रेसवर बांधलेली आहे आणि दुकानाचा भाग, ऑर्डरी वगैरे, वूकॉमर्स सांभाळतं. पहाटे ती ठीक चालते. दुकानं उघडायच्या सुमाराला रखडायला लागते आणि संध्याकाळी, लोक घरी येऊन मोबाइल हातात घेतात नेमक्या त्याच वेळी, पांढऱ्या पानावर एकच ओळ येते: 'एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन', म्हणजे माल आणि ऑर्डरींची माहिती जिथे साठवली आहे त्या डेटाबेसला साइट जोडताच येत नाही. ही ओळ कशामुळे येते ते होस्टिंग विकणाऱ्यांना मी सांगायला नको.

तरी तुमच्या माणसांनी मला फोटो लहान करायला लावले. केले. प्लगिन बंद करायला लावले. केले, थीमसुद्धा बदलून पाहिली. कुणी सांगितलं नव्हतं तेही केलं. डेटाबेसमधली जुन्या मायआयसॅम पद्धतीची टेबलं नव्या इनोडीबी पद्धतीवर आणली. ऑप्शन्स टेबलमधला ऑटोलोडचा, म्हणजे प्रत्येक पानाबरोबर आपोआप लोड होणारा, कचरा काढून तो ८०० केबीच्या बराच खाली आणला. ठरल्या वेळी आपोआप कामं करणारा वर्डप्रेसचा क्रॉन बंद करून सर्व्हरचा लावला. काडीचा फरक पडला नाही. मग त्याच होस्टिंगवर दोन फायली टाकल्या. एक साधी एचटीएमएल. दुसरी चार ओळींची पीएचपी, जी डेटाबेसला जोडून फक्त 'सिलेक्ट १' हा सगळ्यात साधा प्रश्न विचारते आणि बंद होते. संध्याकाळी पहिली फाइल क्षणात उघडते. दुसरी ताटकळत बसते आणि कधी कधी 'टू मेनी कनेक्शन्स' म्हणून परत येते. त्या दुसऱ्या फायलीत वर्डप्रेस नाही, प्लगिन नाही, चादरीचा एकही फोटो नाही. आणि 'टू मेनी कनेक्शन्स'चा तो १०४० नंबरचा एरर पूर्ण सर्व्हरची कनेक्शनची मर्यादा भरली की येतो. एकट्या माझ्या युजरची भरली असती तर नंबर वेगळा आला असता. तुमच्या त्या सर्व्हरवर झेपणार नाहीत इतकी गिऱ्हाइकं बसवली आहेत, याशिवाय याचा दुसरा अर्थ मला दिसत नाही. तुम्हाला दिसत असेल तर लेखी कळवा.

आता आजच्या फोनबद्दल. हे सगळं मी त्या मुलाला सांगत होते, तर मध्येच म्हणाला, 'मॅडम, ब्राउझरची कॅशे क्लिअर करून बघा.' मी म्हटलं, पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरही हीच ओळ येते, त्याची कॅशे मी कशी क्लिअर करू? तर म्हणाला, 'सोलापूरला नेट स्लो असतं ना मॅडम.' माझ्या नेटचा आणि तुमच्या सर्व्हरच्या डेटाबेस कनेक्शनचा काय संबंध? तरी राग गिळला. त्या पीएचपी फाइलची लिंक त्याला पाठवली, म्हटलं तुमच्याकडे उघडा. तिकडून कीबोर्डचा आवाज आला, मग काहीच नाही. विचारलं, उघडली का? 'लोड होतीय मॅडम.' म्हणजे तुमच्याच ऑफिसात, तुमच्याच नेटवर ती चार ओळींची फाइल लोड होत होती! मी हे बोलणार तेवढ्यात तो म्हणाला, 'मॅडम, घरात कुणी टेक्निकल आहे का? मिस्टर वगैरे? त्यांना फोन द्या, मी समजावून सांगतो.'

माझे मिस्टर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमाग सांभाळतात. साइट मी उभी केली, मीच चालवते, तुमचं बिल माझ्या खात्यातून जातं आणि तुमच्या पॅनलवर नाव माझं आहे. 'सिलेक्ट १'ला उत्तर न देणाऱ्या सर्व्हरबद्दल माझ्या नवऱ्याला समजावून सांगण्यासारखं तुमच्याकडे काय होतं? मी सीनिअरकडे फोन द्यायला सांगितलं. होल्डवर ठेवून तुमचीच जाहिरात ऐकवली, आणि तोच मुलगा परत येऊन म्हणाला, 'सीनिअर म्हणतायत बिझनेस प्लॅन घ्या.'

बिझनेस प्लॅन मी घेतलेला आहे. हेच दुखणं सांगून तो तुम्हीच माझ्या गळ्यात मारलात. पैसे भरले, 'अपग्रेड पूर्ण' अशी मेल आली, आणि मी साइटच्या सेटिंगची डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइल उघडून पाहिली तर डीबी होस्ट, म्हणजे डेटाबेस सर्व्हरचा पत्ता, जुनाच. रॅम वाढली, डिस्क वाढली, पानं तयार करणारे पीएचपीचे वर्कर वाढले, आणि ते सगळे जाऊन त्याच तुंबलेल्या डेटाबेससमोर रांगेत उभे. डेटाबेसला कुठल्या प्रश्नांना वेळ लागतो त्याची नोंद, स्लो क्वेरी लॉग, मागितला तर 'शेअर्ड होस्टिंगमध्ये देता येत नाही'. मग तुम्ही तो बघा आणि मला सांगा. तेही नाही.

यातून काय होतं ते ऐका. परवा नाशिकच्या एका बाईंनी मुलीच्या लग्नातल्या आहेरासाठी मोराच्या नक्षीच्या चादरी मागवल्या. यूपीआयने पैसे गेले. पेमेंट गेटवेने माझ्या साइटला निरोप दिला तेव्हा साइट पडलेली. ऑर्डर 'पेमेंट बाकी'वर राहिली आणि तासाभराने वूकॉमर्सने ती आपोआप रद्द केली. बाईंच्या खात्यातून पैसे गेले, आणि माझ्या साइटवर त्यांची ऑर्डर रद्द. त्या फोनवर मला 'फ्रॉड' म्हणाल्या. त्यांचं काय चुकलं? सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेर बनलेला माल आमच्या गावाच्या नावावर सर्रास खपतो. अस्सल माल विकणाऱ्याची साइट उघडत नसेल तर गिऱ्हाईक त्या नकली मालाकडेच जाणार. आणि आता थंडीचे दिवस आहेत, चादरीचा हाच हंगाम.

तुमची सेवा मी पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतली आहे, म्हणून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मला लागू होतो. तक्रार मी राहते तिथल्या, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा आयोगात करता येते. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. हे पत्र त्यांनाही पाठवत आहे. दोन्ही फायलींचे संध्याकाळचे स्क्रीनशॉट, तुमची 'अपग्रेड पूर्ण'ची मेल आणि आजच्या कॉलचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे.

माझा डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर हलवा आणि नवा डीबी होस्ट मला मेलवर कळवा. आधी हलवा, मग फोन करा. जमत नसेल तर अपग्रेडचे पूर्ण पैसे आणि उरलेल्या मुदतीचे पैसे परत करा आणि डोमेनचा ट्रान्सफर कोड द्या. डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, मी काढून ठेवला आहे. नवी साइट पहिल्यांदा बांधली तेव्हा ओळखीच्या चारचौघींना तुमचंच नाव सुचवलं होतं. त्यांनाही हे पत्र पाठवणार आहे.

आणि यापुढे फोन कराल तेव्हा माझ्याशीच बोला. मिस्टरांना द्या म्हणालात तर ते वाक्यही तक्रारीत जाईल.

एक ग्राहक,
साखर पेठ, सोलापूर