फूटपट्टी मुलाच्या हातात देणाऱ्या फ्रेमवाल्या काकांना

काका,

शि. सा. नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे ठाऊक आहे. दुकानातला तुमचा पुतण्या वाचून दाखवेलच. घरी चिठ्ठी पाठवता आली असती, पण मुद्दाम उघड्यावर लिहितेय. माझ्या मुलाची शोभा चार लोकांसमोर झाली, मग आभारही चार लोकांसमोरच मानायला हवेत.

आषाढातल्या त्या दुपारी गुहागरच्या एसटीतून उतरून भिजत आलेली बाई आठवतेय का? हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं चित्र आणि बरोबर तीन दिवस घुम्यासारखा बसलेला सातवीतला मुलगा. ती मी.

तेव्हा सगळं सांगितलं नव्हतं, आता सांगते. चित्र होतं आमच्या पडवीतल्या टेबलाचं. टेबलावर माझ्या शिवणाचं पांढरं कापड अर्धवट खाली लोंबलेलं, वर ताट, तांब्या आणि चार हापूस. चित्रकलेच्या क्लासचं छोटं प्रदर्शन होतं, आईबापांना बोलावलं होतं. क्लास घेणाऱ्यांनी सगळ्यांदेखत ते चित्र भिंतीवरून काढलं, टेबलाच्या कडेवर पट्टी ठेवली आणि लाल पेनाने सरळ रेघ मारली. "टेबल असं असतं. तुमच्याकडे मोडकं आहे का?" लोक हसले. काका, मीही हसले, लाजेने. ते मला अजून टोचतं. लाल रेघेपेक्षा माझं हसणं त्याला जास्त लागलं असणार.

समजूत काढावी म्हणून म्हटलं, चल, फ्रेम करू या. पहिल्या दुकानदाराने चित्र पुरतं उलगडूही दिलं नाही. "एवढ्याला फ्रेम कशाला? लॅमिनेशन करा, स्वस्तात पडेल." मग तुमच्या पायरीवर आलो.

तुमच्या दुकानात एका भिंतीला लक्ष्मी, गणपती, स्वामी, दुसऱ्या भिंतीला चंदनी हार घातलेले कुणाकुणाचे आजोबा, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावरून गेलेली २२ जुलै २०२१ च्या पुराची मातकट रेघ. ती तुम्ही पुसलेली नाही. तुम्ही चित्र काउंटरवर पसरलंत आणि बराच वेळ काही बोललातच नाही. 'छान आहे' म्हणाला नाहीत, हे मला फार बरं वाटलं. तीन दिवस मीच खोटं खोटं छान छान म्हणत होते, आणि पोराला ते कळत होतं.

मग तुम्ही माळ्यावरून ते पुस्तक काढलंत. पुरात भिजून पावासारखं फुगलेलं, अर्धी पानं एकमेकांना कायमची चिकटलेली. तरुणपणी मुंबईत काळा घोड्याजवळ फ्रेमा ठोकायचात, तिथे एका चित्रकाराने बिलातल्या राहिलेल्या पैशांच्या बदल्यात दिलेलं. सुटलेल्या पानांतलं एक उघडलंत. पांढरं कापड, कललेली टोपली, घरंगळलेली सफरचंदं, मागे एक बाटली, तीही कललेली. "सेझान," तुम्ही म्हणालात, जसं कुणी 'आमचा चुलता' म्हणावं. "ह्या टेबलाची कड बघ, बाबू."

इथवर कुणीही केलं असतं. पुढचं मात्र कुणी करत नाही. खिशातली स्टीलची पट्टी तुम्ही बाहेर काढलीत, पानावर ठेवायला हात नेलात, आणि मध्येच थांबलात. पट्टी उलटी धरून, तिचं टोक आपल्याकडे ठेवून, ती त्याच्यापुढे केलीत, कात्री देतात तशी. "तूच लाव."

पोराने आधी माझ्याकडे बघितलं. तीन दिवसांपूर्वी अशाच एका पट्टीने त्याची फजिती झाली होती. मग ती घेतली, कापडाच्या डावीकडे दिसणाऱ्या कडेला लावली आणि हळूहळू उजवीकडे सरकवत नेली. कापडाखालून पलीकडे निघाल्यावर कड जिथे सापडायला हवी, तिथे ती नव्हतीच. त्याने पुन्हा लावली, उजवीकडून. पुन्हा तेच.

"जुळत नाही!" तीन दिवसांतला त्याचा तो पहिला मोठा आवाज.

"मग चुकलाय का हा?"

"हो."

"चुकलाय, तर शंभर वर्षं लोक तिकीट काढून बघायला का जातात?"

आणि उत्तर न देता तुम्ही पाठ फिरवून पट्ट्यांचे कोपरे कापायला लागलात! मला तेव्हा जरा रागच आला होता, सांगून टाकते. आता कळतंय की तुम्ही प्रश्न त्याच्या पिशवीत टाकून दिलात, घरी जाऊन सोडवायला.

तो आम्ही दोघांनी सोडवत आणला आहे. रात्री मशीन बंद केलं की तो वाचतो, मी बटणं लावता लावता ऐकते. पॉल सेझान १८३९ साली दक्षिण फ्रान्समधल्या एक्स नावाच्या गावात जन्मला. बाप पेढीवाला, पैसा होता, पण चित्रांना मान नव्हता. पॅरिसच्या मोठ्या वार्षिक प्रदर्शनाने १८८२ चं एक वर्ष सोडलं तर त्याला नकारच दिला. १८७४ मध्ये मोने, पिसारो वगैरे चित्रकार मंडळींनी स्वतःचं वेगळं प्रदर्शन भरवलं, त्यात याची चित्रं होती, आणि लोकांनी त्यांची टर उडवली. पहिलं एकट्याचं प्रदर्शन झालं १८९५ मध्ये, व्होलार नावाच्या विक्रेत्याच्या दुकानात. वय ५६! हे ऐकल्यावर माझा मुलगा म्हणाला, "मला अजून पुष्कळ वेळ आहे." खूप दिवसांनी विनोद केला त्याने.

याच व्होलारचं चित्र काढायला सेझानने त्याला ११५ वेळा बसवलं, असं व्होलारनेच लिहून ठेवलंय. हलला की ओरडायचा, सफरचंद कधी हलतं का म्हणून. आणि एवढं करून शेवटी काय म्हणाला, तर शर्टाचा पुढचा भाग तसा वाईट जमलेला नाही. मी शिवणारी बाई, माझी हसून पुरेवाट झाली. गिऱ्हाइकाला ११५ वेळा मापाला बोलवलं आणि म्हटलं, ताई, छातीचा भाग बरा आलाय, तर काय होईल माझं!

आता ती कड. आम्हाला उमगलं ते असं. वस्तू खरोखर बघताना माणूस एका जागी खिळून राहत नाही. मान वळते, बूड सरकतं, एक डोळा काही सांगतो, दुसरा काही. जुने चित्रकार हे सगळं पुसून एका खिडकीतून दिसल्यासारखं चित्र करायचे. त्यालाही डोकं लागतं, नाही असं नाही. सेझानने ते पुसलं नाही. टोपली थोडी वरून बघितली तर वरूनच काढली, बाटली समोरून तर समोरून, आणि टेबलाची कड मधल्या कापडाखाली तुटली तर तुटू दिली. तरी टेबल पडत नाही, कारण रंगाचा एकेक ठिपका शेजारच्याला धरून बसवलाय. गवंडी चिरा बसवतो तसा.

पुढच्या लोकांनी काय केलं ते मला एकदम कळलं, कारण ते मी रोज करते. ब्लाउज बेतते तेव्हा पुढचा भाग, पाठ, दोन्ही बाह्या एकाच कापडावर सपाट मांडलेल्या असतात. अंगावरचा ब्लाउज कुणी असा एकदम सगळीकडून बघू शकत नाही, पण माझ्या टेबलावर तो पोट, पाठ, खांदे घेऊन उताणा पडलेला असतो. पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी चित्रात गिटार, बाटली, माणूस असेच बेतून मांडले. सेझान ऑक्टोबर १९०६ मध्ये गेला. बाहेर चित्र काढताना वादळी पावसात सापडला, आजारी पडला आणि काही दिवसांत संपला. पुढच्या वर्षी पॅरिसला त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि तरुण पोरं येडावलीच. १९०८ मध्ये ब्राकने, सेझान जिथे चित्रं काढायचा त्याच लेस्ताक गावात, घरं काढली ती खोक्यांवर खोकी रचल्यासारखी. तीही आधी नाकारली गेली. एका टीकाकाराने 'नुसते घन' म्हणून हिणवलं आणि त्यातूनच घनवाद हे नाव पडलं. पिकासो तर सेझानला आपल्या सगळ्यांच्या बापाच्या जागी मानायचा.

लेस्ताकचं मात्र तुम्हाला सांगायलाच हवं. ते समुद्रकाठचं गाव, खाली आखात, वर लाल कौलं. १८७६ मध्ये तिथून पिसारोला पत्र लिहिताना सेझान म्हणतो, हे पत्त्याच्या पानासारखं आहे, निळ्या समुद्रावर लाल छपरं. पोराने हे वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मला वेळणेश्वरच्या उतारावर नेऊन उभं केलं. खरंच सांगते, आयुष्यभर त्या वाटेने गेलेय, पण मंगलोरी कौलांच्या मागे समुद्र आडवा पडलेला नसून भिंतीसारखा उभा दिसतो, हे मी पहिल्यांदा बघितलं. आणि पत्ते म्हटल्यावर मला सावंतवाडीची गंजिफा आठवली. ती गोल असते, पण रंग तसेच, पातळ न करता सरळ लावलेले.

तुम्ही चित्रकार मातीसचं नाव घेतलं होतंत. त्याने १८९९ मध्ये व्होलारकडून सेझानचं एक लहान चित्र घेतलं, आंघोळीला आलेल्या तीन बायकांचं. खिशात पैसे नव्हते. बायकोने अंगठी गहाण टाकली, असं सांगतात. ३७ वर्षं ते चित्र त्याने घरात ठेवलं आणि १९३६ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयाला देऊन टाकलं. देताना लिहिलं की अडचणीच्या काळात याने मला धीर दिला. चित्र समजायला मला वेळ लागेल, पण अंगठीवाली बाई मला लगेच समजली.

आणि आपल्याकडे हे कसं पोचलं तेही. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपल्या तरुण चित्रकार रझांना सांगितलं, चित्राला बांधणी हवी, सेझान बघ. १९५० मध्ये रझा फ्रान्सला गेले. त्यांच्या प्रोग्रेसिव्ह नावाच्या मुंबईतल्या चित्रकार मंडळीतले सदानंद बाकरे तर पुढे आपल्या मुरुड-हर्णैला येऊन राहिले आणि २००७ मध्ये तिथेच वारले. दापोलीला किती वेळा गेलेय मी! कुणी कधी बोललं नाही. आमच्या पाठ्यपुस्तकातही कधी भेटले नाहीत. असो.

आता खरी गंमत. परवा मी पोराला विचारलं, तुझी कड तुटली कशी? तर म्हणतो, "तूच उठवलंस ना मला." मग आठवलं. तो डावीकडे स्टुलावर बसून काढत होता आणि मी म्हटलं होतं, ऊठ रे, तिकडे सरक, मला मशीनवर उजेड येत नाही. अर्धं चित्र डावीकडून, अर्धं उजवीकडून. लाल रेघ त्याच्यावर पडली, ती खरं तर माझ्यावर पडायला हवी होती.

फ्रेम न्यायला आलो तेव्हा मी तोंड भरून म्हणाले, म्हणजे याचंच बरोबर होतं! तुम्ही तिथल्या तिथे कापलंत. "हा सेझान नव्हे, ताई. त्याने बघून बघून मोडलं, याचं चुकून मोडलंय. आधी सरळ काढायला शिकू दे." मी जराशी खट्टू झाले. पोरगा नाही झाला, उलट मान हलवली त्याने. क्लासवाल्यांनीही थोडंफार हेच सांगितलं होतं, नाही का? पण त्यांनी पट्टी आपल्या हातात ठेवली होती.

आणि मग तुम्ही त्याला, मला नव्हे, विचारलंत: "लाल रेघ माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली, जाईल, मी खिडकी खालून थोडी आत कापतो. झाकू की ठेवू?" तो विचार करून म्हणाला, "ठेवा." कारण मी विचारलं नाही, तुम्हीही विचारलं नाहीत.

पैसे पूर्ण घेतलेत, दहा रुपयेही सोडले नाहीत. बरं केलंत. सोडले असतेत तर ती कीव झाली असती, आणि कीव घेऊन आम्ही एसटीत बसलो असतो. काका, बाजारात तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं. मोठं काही करत नाहीत ती, पोराशी बोलताना पोराकडे बघून बोलतात, एवढंच. हे किती जणांना जमतं, ते मी क्लासच्या हॉलमध्ये बघितलंय.

सेझानने शाळेत असताना एका गांजलेल्या मुलाची बाजू घेऊन मार खाल्ला होता म्हणे. तो मुलगा पुढे मोठा लेखक झाला, झोला. दुसऱ्या दिवशी त्याने सेझानला सफरचंदांची टोपली आणून दिली. आमच्याकडे सफरचंद पिकत नाही आणि हापूसही संपला. फणसाची साटं आणि आमसुलं ठेवलीत बांधून, तेवढी गोड मानून घ्या.

चित्र पडवीतच लावलंय, त्याच टेबलाच्या वर.

आपली,
शिवणाच्या दुकानातली गुहागरकडची ताई

ता. क. तुमची स्टीलची पट्टी पिशवीतून आमच्याकडे आली आहे. मी चिडले, पण पोरगा शपथ घेऊन सांगतो की चुकून आली. पाऊस उघडला की शनिवारी आणून देते. तिचे पहिले दोन इंच पार झिजलेत, आकडेच दिसत नाहीत, म्हणून तो तिनापासून मोजतो आणि मग तीन वजा करतो. तुम्हीही तसंच मोजता का, हे त्याला तुम्हाला विचारायचंय.