इझमीरहून, आठ महिन्यांनी

प्रिय मीनल,

आठ महिने पत्र नाही, तेव्हा आधी मनसोक्त रागावून घे आणि मग पुढे वाच. प्रकृती बरी आहे. पाठ अधूनमधून कुरकुरते, एवढेच.

ज्या प्रश्नावलीवरून आपण हॉस्टेलच्या गच्चीवर भांडलो होतो, तीच आता माझ्या मानगुटीवर बसली आहे. विलर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मेंदूला इजा झालेल्यांसाठी बेतलेले, माणूस घरात आणि समाजात पुन्हा किती मिसळला हे मोजणारे ते १५ प्रश्न आणि २९ गुण आम्ही पक्षाघातातून सावरणाऱ्या तुर्की रुग्णांसाठी रूपांतरित करीत आहोत. भाषांतर, उलट भाषांतर, तज्ज्ञांची बैठक सारे सुरळीत झाले. घोडे अडले ते पूर्वचाचणीत.

समोर एक निवृत्त टॅक्सीचालक होते, डावा हात छातीशी आखडलेला. घरात स्वयंपाक कोण करते, असे विचारताच ते खदखदून हसले. ‘पोरी, आजाराआधी तरी मी कधी चुलीपाशी गेलो होतो?’ एकट्याने केल्यास २, कुणाबरोबर केल्यास १, दुसऱ्यानेच केल्यास ०. मी मुकाट्याने शून्य मांडले. पक्षाघाताने त्यांच्याकडून काय हिरावले हे मोजायचे असताना मी त्यांच्या संसाराची रीत मोजत होते! एकट्याने करणे म्हणजेच स्वावलंबन नव्हे, हे तू तेव्हाच म्हणाली होतीस. घे, मान्य केले. मात्र त्या रात्रीची भांडी घासायची पाळी तुझीच होती, हे मी अजूनही सोडणार नाही.

पुढे तर कहरच झाला. ते रोज कहवाखान्यात तावला खेळतात, आखडलेल्या हाताचे कोपर पटावर दाबून उजव्या हाताने फासे टाकतात. जोडीदारही पक्षाघाताचाच, म्हणून गुण १. धडधाकट मित्र असता तर २. बायकांच्या ‘आल्तन गुनु’चे, म्हणजे सोन्याच्या नाण्यांच्या भिशीचे, तर नावच नाही, फावल्या वेळाची उदाहरणे सिनेमा, खेळ आणि हॉटेल. उदाहरणे बदलता येतील, पण गुणांना हात लावला तर इतर भाषांतल्या आकड्यांशी तुलनाच खुंटते.

मन मोकळे करण्याजोगा जिवलग मित्र आहे का, या प्रश्नाला ‘आर्कादाश’ हा शब्द फार उथळ वाटला, म्हणून आम्ही ‘सर्दाश’, म्हणजे गुपितातला भागीदार, असा शब्द घातला. बायकोसमोर ते ‘आहे’ म्हणाले. ती चहा आणायला उठताच हळूच म्हणाले, ‘ती खूण पुसा.’ मी खोडरबर हातात घेऊन बसून राहिले. तेवढ्यात चहा आला.

चिन्मयचा दहावीचा निकाल कळव, आईंच्या गुडघ्याचे काय ठरले तेही. आणि तुझ्या मिरजेच्या रुग्णांना हाच प्रश्न तू बायकोला बाहेर बसवून विचारशील की तिच्यादेखत, ते सविस्तर लिही. त्या कागदावर ‘आहे’चे २ आणि ‘नाही’चे ० दोन्ही अजून पेन्सिलीनेच लिहिलेले आहेत.

तुझी,
वैशाली