इंफाळचा पराभव एकट्या पावसाच्या माथी मारू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंफाळ-कोहिमाच्या १९४४ मधील लढाईवरील लेख वाचला. या मोहिमेबद्दल मराठीत क्वचितच लिहिले जाते, म्हणून लेखाचे मनापासून स्वागत. मात्र पावसाने जपानी सैन्याचा घात केला, हा त्यातील निष्कर्ष मला मान्य नाही. ज्या मुलखात पावसाळा सरून दसऱ्याचे सीमोल्लंघन झाल्याखेरीज मोहीम निघत नसे, तेथल्या वाचकाला तर हे कारण मुळीच पुरेसे वाटू नये. मणिपूरच्या डोंगरांत पाऊस दरवर्षी पडतो आणि तो केव्हा पडतो हे ही मोहीम चालवणाऱ्या जपानी १५व्या आर्मीचे सेनापती लेफ्टनंट जनरल रेन्या मुतागुची यांना ठाऊक होते. त्यांची कारकीर्द समजून घेतल्यावाचून या पराभवाचा उलगडा होत नाही, आणि लेखात त्यांचे केवळ नाव आले आहे.

जुलै १९३७ मध्ये पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर चिनी सैन्याशी चकमक झडली, तेव्हा तेथील जपानी रेजिमेंट मुतागुचींच्या हाताखाली होती. या चकमकीतून चीनशी सर्वंकष युद्ध पेटले. आपण सुरू केलेले युद्ध आपणच निर्णायक विजयाने संपवले पाहिजे, ही भावना पुढे त्यांच्या मनात घर करून राहिली. १९४२ च्या आरंभी मलाया आणि सिंगापूरच्या मोहिमेत ते १८व्या डिव्हिजनचे प्रमुख होते. त्याच वर्षी आसामवर चालून जाण्याची योजना वरून विचारासाठी आली, तेव्हा प्रदेश दुर्गम आहे आणि रसद पोहोचणार नाही, या कारणांसाठी तिला विरोध करणाऱ्यांत स्वतः मुतागुची होते. १९४३ मध्ये ब्रिटिश अधिकारी विंगेटच्या चिंदित तुकड्या (शत्रूच्या पिछाडीवर छापे घालणारे सैनिक) तोच दुर्गम प्रदेश ओलांडून ब्रह्मदेशात शिरल्या आणि मुतागुचींचे मत पालटले. शत्रूला जे जमले ते आपल्यालाही जमेल, असे त्यांनी धरून चालले. चिंदितांना विमानांतून शिधा मिळत होता आणि आपल्याजवळ तशी विमाने नाहीत, हा फरक त्यांच्या हिशेबात आला नाही. रसदीची अडचण सांगणाऱ्या त्यांच्या चीफ ऑफ स्टाफला पद गमवावे लागले.

मार्च १९४४ मध्ये तीन डिव्हिजन चिंदविन नदी ओलांडून निघाल्या, त्या सुमारे तीन आठवड्यांचा शिधा घेऊन. पुढचे अन्न इंफाळच्या ब्रिटिश कोठारांतून मिळवायचे होते. ओझी वाहून नेण्यासाठी आणि वेळप्रसंगी खाण्यासाठी सोबत हजारो गुरे हाकली होती. त्यांतली कितीतरी नदीत वाहून गेली, उरलेली डोंगरातल्या चढांवर कोसळली. हे सारे पावसाळ्यापूर्वी घडले.

येथे महाराष्ट्राशी थेट संबंध असलेली एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, कारण लेखात तिचा उल्लेख नाही. २२ ते २६ मार्च या काळात सांगशाकच्या टेकडीवर भारतीय ५०व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची ४थी बटालियन लढत होती. पाण्याचा तुटवडा असताना तिने आणि तिच्या सोबत्यांनी कोहिमाकडे निघालेल्या जपानी तुकडीला जे दिवस तेथे अडकवून ठेवले, ते दिवस कोहिमाच्या बचावाला मिळाले.

कोहिमावर चाल केलेल्या ३१व्या डिव्हिजनचे प्रमुख लेफ्टनंट जनरल कोतोकु सातो यांनी निघण्यापूर्वीच रसदीची हमी मागितली होती. प्रत्यक्षात मागून जवळजवळ काहीच आले नाही. अखेर मे महिन्याच्या शेवटी त्यांनी आज्ञा धुडकावून उपाशी सैन्य मागे घेतले. सातो काही शांततावादी नव्हते. मुतागुचींशी त्यांचे लष्करातील गटबाजीतून आलेले जुने वैर होते, आणि ब्रिटिशांच्या रसदीचे केंद्र असलेल्या दिमापूरकडे दुर्लक्ष करून कोहिमावरच डोके आपटत राहिल्याबद्दल समोरच्या ब्रिटिश १४व्या आर्मीचे सेनापती स्लिम यांनी त्यांना कल्पनाशून्य ठरवले आहे. तरीही आपल्या माणसांच्या जिवासाठी त्यांनी आज्ञाभंग केला, एवढे त्यांच्या पदरात टाकलेच पाहिजे.

जूनच्या आरंभी ब्रह्मदेशातील जपानी सरसेनापती मासाकाझु कावाबे मुतागुचींच्या भेटीस आले. मोहीम थांबवावी हे दोघांच्याही मनात होते, पण तो शब्द कोणीही उच्चारला नाही. आपल्या चेहऱ्यावरून कावाबेंनी ओळखावे अशी आपली अपेक्षा होती, असे मुतागुचींनी नंतर सांगितले. माघारीचा आदेश निघायला जुलै उजाडला. दरम्यान तिन्ही डिव्हिजनचे प्रमुख, यानागिदा, यामाऊची आणि सातो, पदावरून दूर केले गेले. एका मोहिमेत असे जपानी लष्करात पूर्वी घडले नव्हते. सुमारे ८५ हजारांपैकी अंदाजे ३० हजार सैनिक मेले, त्यांतले बहुसंख्य उपासमार, आमांश आणि हिवतापाने. त्या माघारीच्या वाटेला जपानी सैनिकांनी हाडांचा रस्ता म्हटले. पावसाने हे मरण वाढवले यात शंका नाही, पण जूनचे ते आठवडे सैन्याला पावसात ठेवले कोणी, हा प्रश्न लेखाने विचारायला हवा होता.

सातो यांनी कोर्टमार्शलची मागणी केली होती, कारण तेथे त्यांना सर्व काही बोलता आले असते. त्याऐवजी डॉक्टरांकरवी त्यांना मानसिकदृष्ट्या अस्वस्थ ठरवून खटला टाळला गेला. मुतागुची ऑगस्टमध्ये पदमुक्त झाले, डिसेंबरात राखीव दलात गेले आणि जानेवारी १९४५ मध्ये लष्करी प्रबोधिनीच्या पूर्वतयारी शाळेचे प्रमुख झाले. १९६६ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ते आपली योजना योग्यच होती आणि हाताखालच्यांनी ती बिघडवली, असे सांगत होते.

आझाद हिंद सेनेचे हजारो सैनिकही याच योजनेवर विसंबून त्या डोंगरांत उपाशी राहिले. त्यांच्याविषयी आपल्या मनात जी आदराची भावना आहे, तिच्यापोटी तरी मुतागुचींच्या निर्णयांची चिकित्सा आपल्याकडे व्हावी. लेखकमहाशयांनी पुढील अंकात सातो आणि मुतागुची यांच्यातील हा संघर्ष सविस्तर मांडावा, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास-शिक्षक, सातारा